मानकरी, सरदार आणि पाटील

निरवांगी नीरेच्या काठची, इंदापूर परगण्यातली. हा परगणा भोसल्यांच्या जहागिरीचा. मालोजीराजे इंदापूरच्या लढाईतच पडले. नदीच्या वरच्या अंगाला फलटण, तिथे नाईक-निंबाळकर. महाराणी सईबाई त्या घरच्या. एका नदीच्या खोऱ्यात एकीकडे 'राजे', दुसरीकडे 'नाईक'. मराठी मानमरातबाचा आढावा इथूनच सुरू करणे मला योग्य वाटते, कारण ही उतरंड सरदारांच्या वाड्यात जेवढी दिसते तेवढीच गावच्या चावडीतही दिसते.

जुना मजहर उघडून बघावा. वतनाचा निवाडा गावासमोर व्हायचा आणि कागदावर साऱ्यांची साक्ष पडायची. अक्षर कुळकर्ण्याचे. पाटलाच्या नावापुढे नांगराची निशाणी. त्याखाली चौगुला, मग बलुतेदार: सुताराचा वाकस, न्हाव्याचा आरसा, परटाची मोगरी. होळीची पहिली पूजा कोणाची, पोळ्याला कोणाचा बैल पुढे, लग्नात पहिला विडा कोणाला, एवढ्यावरून भाऊबंदकी पेटे आणि तंटे पिढ्यान्‌पिढ्या चालत. आज ते भांडण क्षुल्लक वाटेल. त्या माणसांना तो मान जमिनीइतकाच खरा होता.

शिवाजी महाराजांनी याच समाजातून निराळी व्यवस्था उभी केली. पागेत पंचवीस बारगिरांवर हवालदार, पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी, पाच हजारींवर पंचहजारी आणि सगळ्यांवर सरनौबत. वेतन रोख होनांत. पदापोटी गाव तोडून द्यायचे नाही. ६ जून १६७४ ला राज्याभिषेक झाला आणि अष्टप्रधान मंडळ सिद्ध झाले. तिथेही बापाचे पद मुलाला आपोआप मिळत नव्हते. कडतोजी गुजर 'प्रतापराव' झाले, हंसाजी मोहिते 'हंबीरराव' झाले. हे किताब तलवारीवर मिळवलेले होते. प्रतापराव नेसरीला पडले, तेव्हा सरनौबती त्यांच्या घरात न राहता हंबीररावांकडे गेली.

मान वंशाने मिळावा की पराक्रमाने, हा प्रश्न फार पूर्वी चीनमध्येही उभा राहिला होता. झोउ राजांच्या काळी गोंग, होउ, बो, झि, नान अशा पाच पायऱ्या होत्या आणि त्या घराण्यात चालत. इ.स.पूर्व चौथ्या शतकात चिन राज्यात शांग यांगने ती रीत मोडली. लढाईत शत्रूचे शिर आणणारा साधा शिपाई एक पायरी वर चढे. राजघराण्यातल्या माणसालाही पराक्रमावाचून दर्जा नसे. त्या राज्याने पुढे सारा चीन जिंकला, पण त्याची जरब फार क्रूर होती. महाराजांच्या व्यवस्थेत शिस्त होती आणि रयतेची कणवही होती. मला हा फरक मोठा वाटतो.

महाराजांनंतर घडी विसकटली. राजाराम महाराज जिंजीत, मुलूख मोगलांच्या हाती, आणि औरंगजेब त्याच मराठ्यांना मनसबींची लालूच दाखवतो आहे. अशा वेळी वतने आणि सरंजाम देण्याखेरीज इलाज नव्हता. प्रल्हाद निराजींसाठी 'प्रतिनिधी' हे पदच नव्याने निघाले. शाहू महाराजांच्या काळात पदे घराण्यांची झाली: आंग्रे सरखेल, नागपूरकर भोसले सेनासाहेबसुभा, भट पेशवे. यातले दाभाड्यांचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. खंडेराव दाभाडे १७१७ मध्ये सेनापती झाले. त्यांचे पुत्र त्र्यंबकराव १७३१ मध्ये डभईला पेशवे बाजीरावांशी लढताना मारले गेले. मग सेनापतिपद यशवंतराव दाभाड्यांना मिळाले, ते तेव्हा अल्पवयीन होते. फौज गायकवाडांच्या हाती गेली, किताब तळेगावच्या वाड्यात राहिला.

महादजी शिंद्यांनी मात्र पाटीलकी सोडली नाही. १७८४ मध्ये दिल्लीच्या बादशहाकडून त्यांनी पेशव्यांसाठी वकील-इ-मुतलक हा किताब मिळवला. १७९२ मध्ये पुण्यात त्याचा दरबार भरला. हत्तीवरून उतरून त्यांनी पेशव्यांचे जोडे पुढे ठेवले, असे ग्रँट डफने लिहिले आहे. उत्तर हिंदुस्थान ज्याच्या धाकात होता, त्याला लोक 'पाटीलबाबा' म्हणत आणि त्यालाही तेच आवडे.

पण वंशाने चालणाऱ्या मानाची दुसरी बाजू सांगितल्यावाचून हा आढावा पुरा होत नाही. पाटलाचे वतन जसे जन्माने, तसे महाराचेही जन्मानेच; एकाला पहिला विडा, दुसऱ्याला रात्रंदिवसाची वेठ. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक मांडले, ते याच दाव्याला बांधलेल्या माणसांसाठी. स्वातंत्र्यानंतर वतने एकेक करून संपली. कुळकर्णी वतन १९५० च्या कायद्याने गेले, कनिष्ठ गावकामगारांची वतने १९५८ च्या आणि मुलकी पाटीलकी १९६२ च्या. मागे आडनावे उरली: फडणीस, चिटणीस, पोतनीस, सबनीस, सरनाईक, देशमुख.

१९६७ च्या कायद्याने आलेला पोलीस पाटील गावात अजून आहे. त्याची नेमणूक प्रांताधिकारी करतात. जागा निघते, दहावी झालेले गावचे रहिवासी अर्ज करतात, लेखी परीक्षा होते, मुलाखत होते. आरक्षण असते, बायकाही अर्ज करतात आणि निवड होऊन पोलीस पाटील होतात.