खारी हवा आणि घरगुती विद्युत्-उपकरणांची दुरुस्ती

सावित्री नदी जेथे अरबी समुद्रास मिळते, त्या हरिहरेश्वरी बिघडलेले उपकरण दुरुस्त करावे की नवे घ्यावे, हा प्रश्न केवळ किमतीचा नसून रसायनशास्त्राचाही आहे. समुद्रवाऱ्यासोबत आलेले मिठाचे सूक्ष्म कण उपकरणाच्या अंतर्भागात साचतात. सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांहून अधिक झाली की मीठ हवेतील बाष्प शोषून विरघळते; पावसाळ्यात कोकणपट्टीवर ती बहुधा याहून अधिकच असते. या खाऱ्या थरामुळे तांबे झिजते व त्यावर हिरवट पुटे चढतात. म्हणून खाऱ्या पाण्याने भिजलेला संच नुसता वाळवून भागत नाही. आत राहिलेले मीठ पुढील दमट दिवशी पुन्हा ओलावते.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा छपरे उडालेल्या घरांतून हाच प्रश्न उभा राहिला. येथे निर्णयाची कसोटी उपकरणाचे वय ही नव्हे, तर मीठ कोठवर पोचले ही होय. जाणत्या कारागिराने सर्किट बोर्ड ऊर्ध्वपातित पाण्याने लवकर धुऊन पूर्ण वाळविला आणि दोष फ्यूज वा कपॅसिटरपुरताच आढळला, तर दुरुस्ती अल्प खर्चात होते. बोर्डावरील तांब्याच्या रेषाच खाल्ल्या गेल्या असतील, अथवा रेफ्रिजरेटरच्या नळ्या गंजून वायू गळत असेल, तर केलेली दुरुस्ती सहसा टिकत नाही. अशी वस्तू मात्र भंगारात न टाकता, १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या ई-कचरा नियमांस अनुसरून नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे पोचविणे इष्ट होय.