दुपारचे बारा आणि एकटा मार्शल

अमेरिकन वेस्टर्न चित्रपटाची चौकट जगभरच्या प्रेक्षकांना पाठ आहे. धुळीने माखलेले गाव, मद्यगृहाचे झुलते दार, गुंडांची टोळी, भेदरलेले परंतु सज्जन नागरिक आणि त्यांच्या रक्षणार्थ उभा ठाकणारा एकाकी नायक. ही चौकट पाळणारे ते सनातनी व मोडणारे ते बंडखोर, अशी वाटणी समीक्षक मोठ्या सहजतेने करतात. त्यानुसार फ्रेड झिनमन यांचा 'हाय नून' (१९५२) बंडखोर ठरतो आणि हॉवर्ड हॉक्स यांचा 'रिओ ब्राव्हो' (१९५९) सनातनी. प्रकरण इतके सरळ नाही.

'हाय नून'मधील मार्शल विल केन (गॅरी कूपर) नुकताच विवाहबद्ध झाला आहे. बिल्ला उतरवून तो गाव सोडण्याच्या बेतात आहे. तोच त्याने तुरुंगात धाडलेला फ्रँक मिलर सुटून बाराच्या गाडीने येत असल्याची वार्ता येते आणि केन माघारी फिरतो. यापुढे बराच वेळ प्रेक्षकाला गोळीबार दिसत नाही; दिसते ती मदतीसाठी केनची दारोदार भटकंती. न्यायाधीश राष्ट्रध्वज उतरवून आपले चंबूगबाळे आवरतो. एक मित्र घरात असूनही 'घरी नाहीत' असे पत्नीकरवी कळवतो. चर्चमधील सभेत नगराध्यक्ष केनची तोंड भरून स्तुती करतो आणि त्याच दमात, त्याने निघून जाणेच गावाच्या हिताचे आहे असे सुचवतो. नागरिकांचा सज्जनपणा हा वेस्टर्नचा गृहीत आधारच येथे ढासळतो. चित्रपट तयार होत असतानाच, १९५१ साली, पटकथालेखक कार्ल फोरमन यांना अमेरिकन प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे साक्षीला उभे राहावे लागले. इतरांची नावे सांगण्यास त्यांनी नकार दिला, ते काळ्या यादीत गेले आणि त्यांनी इंग्लंड गाठले. पाठ फिरवणारे ते गाव कोणत्या अनुभवातून उभे राहिले, हे निराळे सांगावयास नको.

हॉक्स आणि जॉन वेन यांना हा चित्रपट मुळीच रुचला नाही. कर्तबगार शेरीफ हौशी माणसांपुढे हात पसरीत नाही, असा हॉक्स यांचा आक्षेप होता. 'रिओ ब्राव्हो' हे त्याचे उत्तर. त्यातील शेरीफ चान्स (वेन) मदत मागत नाही, चालून आलेली मदतही नाकारतो. परंतु गंमत अशी की, त्याचा जीव पुनःपुन्हा वाचवतात ती इतर माणसेच: दारूच्या आहारी गेलेला सहकारी, लंगडा म्हातारा, कोवळा तरुण आणि खिडकीतून कुंडी भिरकावणारी एक स्त्री. उलट 'हाय नून'मध्ये एक डोळा गमावलेला मद्यपी आणि चौदा वर्षांचा मुलगा आपणहून पुढे येतात, तेव्हा केनच त्यांना परत पाठवतो. म्हणजे एकाकी नायकाचा जुना साचा बंडखोर म्हणविल्या जाणाऱ्या चित्रपटाने बहुतांशी शाबूत ठेवला आहे, आणि परंपरेच्या अभिमान्याने तो हसतखेळत मोडला आहे. संगीतकार मात्र दोन्हीकडे एकच, दिमित्री टिओमकिन!

स्त्रीपात्रांच्या बाबतीत झिनमन यांचे पारडे निःसंशय जड आहे. हिंसेचा तिटकारा असलेली क्वेकर पंथीय वधू (ग्रेस केली) अखेरीस बंदूक उचलते आणि एका गुंडाला पाठीमागून गोळी घालते. समोरासमोरच्या द्वंद्वाचा सारा शिष्टाचार त्या एका गोळीने निकालात निघतो. हेलन रामिरेझ (केटी हुरादो) तर त्याहूनही विलक्षण आहे. वेस्टर्नमधील मेक्सिकन माणूस बहुधा नोकर, दरोडेखोर किंवा विनोदाचा विषय; 'रिओ ब्राव्हो'तील हॉटेलवाला कार्लोसही त्याच मुशीतला. हेलन मात्र दुकानाची मालकीण आहे आणि गावाचे खरे रूप तिने केनच्या आधी ओळखले आहे. ती दुकान विकून टाकते, कोणाकडेही याचना करीत नाही आणि मिलर ज्या गाडीतून उतरतो त्याच गाडीत चढून निघून जाते.