गिअरचे तेल घरच्या घरी बदलताना

आपल्यापैकी पुष्कळांच्या दारात आज चारचाकी गाडी उभी असते. कुणाची जुनी जीप असेल, कुणाची मारुती, कुणाची भाजी वाहणारी छोटी गाडी. इंजिनाचे ऑइल वेळच्या वेळी बदलावे लागते, ही गोष्ट आता शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. पण त्याच गाडीच्या पोटात आणखी एक तेल असते, ते गिअरबॉक्समध्ये. त्याची आठवण मात्र फार थोड्यांना होते. गाडी विकत घेतली, दहा वर्षे वापरली, विकली, आणि ते तेल होते तिथेच राहिले, असेही पुष्कळदा घडते.

आधीच सांगून टाकतो, मी काही मेकॅनिक नव्हे. मी कॉलेजात इतिहास शिकवतो, आणि एम. ए.च्या अभ्यासक्रमात गिअरबॉक्स नव्हता. पण माझ्याकडे दुसऱ्याच्या हातून आलेली एक मारुती ८०० आहे. हे मॉडेल १९८३ साली निघाले आणि २०१४ साली बंद झाले. तेव्हा माझी गाडी म्हातारीच समजा. थंडीच्या दिवसांत सकाळी ती दुसऱ्या गिअरमध्ये जाताना कण्हू लागली. गॅरेजात विचारले तर 'चालू द्या सर' असे उत्तर मिळाले. मग म्हटले, आपणच बघू.

गिअरबॉक्स म्हणजे काय, हे पाहायचे तर मोटार उघडायला नको. शिक्षकबंधूंनी वर्गात एक सायकल उलटी उभी करावी. पॅडल एकदा पुरे फिरवावे आणि मागचे चाक किती वेळा फिरले ते मुलांना मोजायला सांगावे. साध्या सायकलीचे चाक सुमारे अडीच फेरे घेते. पुढची दातेरी थाळी मोठी, मागची लहान, म्हणून वेग वाढतो. पण वेग वाढला की जोर कमी होतो. चढावर पायात गोळे येतात ते याचमुळे. मोटारीत याच्या उलटे करावे लागते. इंजिन भराभर फिरते, पण उभी गाडी हलवण्याइतका जोर त्यात नसतो. म्हणून पहिल्या गिअरमध्ये इंजिनाचे तीन-साडेतीन फेरे व्हावेत तेव्हा गिअरबॉक्सच्या बाहेरच्या दांड्याचा एक फेरा व्हावा, अशी दात्यांची जोडी बसवलेली असते. गाडीने वेग घेतला की जोडी बदलायची. वरच्या गिअरमध्ये दोन्हींचे फेरे जवळजवळ सारखे होतात.

आता हे दाते एकमेकांवर घासतात, दाबतात, आणि घाटात गाडी भरलेली असली तर फारच दाबतात. मध्ये तेलाचा पातळ पदर नसेल तर लोखंड लोखंडाला खाते. आपल्या वाडवडिलांना हे चांगले माहीत होते. बैलगाडीच्या आसाला वंगण घातल्याशिवाय ते लांबच्या वाटेला निघत नसत. कुरकुरणारी गाडी ही घरधन्याची अब्रू वेशीवर टांगते, असे मानणारी ती माणसे. मोटारीची कुरकुर पत्र्याच्या आत कोंडलेली असते, म्हणून आपण निर्धास्त.

इंजिनाचे तेल लवकर काळे पडते, कारण त्यात जळणाची काजळी मिसळते. गिअरबॉक्समध्ये काही जळत नाही. म्हणून ते तेल पुष्कळ टिकते. किती, ते गाडीपरत्वे निरनिराळे. पुष्कळ गाड्यांच्या पुस्तिकेत चाळीस हजार किलोमीटर किंवा त्याहून अधिक असा आकडा असतो. पण टिकते म्हणजे अमर आहे असे नव्हे. झिजलेल्या धातूचा चुरा त्यात साचतो, त्यात मिसळलेली औषधी द्रव्ये संपत जातात, आणि पुराच्या पाण्यातून गाडी काढली असेल तर पाणीही शिरते. तसे झाले तर तेल दुधाळ दिसते. ते मग किलोमीटर न मोजता ताबडतोब बदलावे.

तेल कोणते घालायचे, इथे लोक फार चुकतात. दुकानात कॅनवर 'पंचाहत्तर डब्ल्यू नव्वद' किंवा 'ऐंशी डब्ल्यू नव्वद' असे लिहिलेले असते. नव्वद म्हणजे इंजिनाच्या चाळीस नंबरच्या दुपटीहून दाट, असा आपला समज होतो. तसे नाही. दोन्हींचे मोजमाप वेगवेगळे आहे. गिअरचे नव्वद हे दाटपणात इंजिनाच्या चाळीस-पन्नासच्या आसपासच येते. खरे पाहायचे ते त्याच्या शेजारचे अक्षर, 'जी. एल. ४' की 'जी. एल. ५'. पाच आकडा मोठा, म्हणून तेल अधिक चांगले, असे दुकानदार सांगेल. त्याचे का ऐकू नये, ते जरा सविस्तर सांगतो.

चालत्या एस. टी.त चढणारा मनुष्य आपण सगळ्यांनी पाहिला आहे. (चढू नये, हे वेगळे.) तो उभ्या उभ्या दांडा धरत नाही. आधी एस. टी.बरोबर चार पावले धावतो, दोघांचा वेग सारखा झाला की मग पाय टाकतो. न धावता चढू गेला तर तोंडावर पडतो. गिअर बदलताना नेमके हेच करावे लागते. एक चाक जोरात फिरते आहे, दुसरे हळू. दोघांचे दाते एकदम भिडवले तर खर्रकन आवाज होतो. जुन्या ट्रकचे ड्रायव्हर यासाठी दोनदा क्लच दाबत, मध्ये इंजिनाचा वेग सारखा करून घेत. हा 'डबल क्लच' ज्याला साधला तो खरा ड्रायव्हर. १९२८ साली अमेरिकेत कॅडिलॅक गाडीत एक नवी युक्ती आली. दाते भिडण्याआधी एक निमुळती कडी दुसऱ्या भागावर घासते, त्याला आपल्या वेगावर आणते, आणि मग दाते बिनबोभाट एकमेकांत शिरतात. म्हणजे एस. टी.बरोबर धावण्याचे काम ही कडी करते. ती पुष्कळदा पितळेची असते.

आता 'जी. एल. ५'मध्ये गंधक आणि फॉस्फरस यांची द्रव्ये अधिक असतात. लोखंडी दात्यांवर फार दाब पडतो तिथे ती उपकारक. पण गंधकाची काही द्रव्ये पितळ खातात. शिवाय तेल फार निसरडे झाले तर कडीला घासून पकडच मिळत नाही. निसरड्या रस्त्यावर धावून एस. टी. गाठायची म्हटल्यासारखे होते. म्हणून पुस्तिकेत 'चार' सांगितले असेल तर चारच घालावे. उलट जीपच्या मागच्या धुऱ्यातल्या डिफरन्शियलला पुष्कळदा 'पाच'च लागते, तिथे चार चालत नाही. काही गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये इंजिनाचेच ऑइल किंवा आणखी तिसरेच तेल असते. तेव्हा शेजाऱ्याला विचारू नका, मलाही विचारू नका. पुस्तिका काढा. हरवली असेल तर कंपनीच्या दुकानात गाडीचे मॉडेल आणि साल सांगून विचारा.

सामान फारसे नाही. योग्य मापाचा रिंगपाना किंवा गोटीपाना, जुने घमेले, नरसाळे, दीड-दोन मीटर रबरी नळी, चिंध्या, हातमोजे, आणि बोल्टाखाली बसणारे नवे वॉशर, ज्याला आमच्याकडे वायसर म्हणतात. तेल छोट्या गाडीला दोन-अडीच लिटर लागते.

आणि घोड्या. गॅरेजवाले ज्यांना घोडी म्हणतात ते लोखंडी तिकाटणे. जॅक हा गाडी उचलण्यासाठी आहे, धरून ठेवण्यासाठी नाही. हे वाक्य मी आता शांतपणे लिहितो आहे, पण पहिल्या वेळी मी गाडीबरोबर आलेल्या जॅकवरच तिचे तोंड उचलले होते आणि खाली शिरलो होतो. अंगण मातीचे. पाना विसरला म्हणून बाहेर आलो, ओसरीपर्यंत गेलो, आणि मागे धप्प असा आवाज झाला. जॅक मातीत तिरपा होऊन गाडी खाली बसली होती. पाना खिशात असता तर हा लेख लिहायला मी नसतो. तेव्हा जागा फरशीची किंवा काँक्रीटची, सपाट हवी. चाकांना लाकडी ओंडक्याची उटी लावावी, गाडी उचलून पुस्तिकेत दाखवलेल्या जागी घोड्या लावाव्यात, आणि आत शिरण्यापूर्वी गाडीला दोन्ही हातांनी चांगले हलवून पाहावे. विटा, दगड, भोके असलेले सिमेंटचे ठोकळे यांवर गाडी मुळीच ठेवू नये. ते न सांगता फुटतात. शक्य असेल तर चारही बाजू सारख्या उचलाव्यात, कारण गाडी तिरपी असली तर तेल पुरते निघत नाही आणि भरताना मापही चुकते.

गिअरबॉक्सला दोन बुचे असतात. तळाशी तेल काढायचे, आणि बाजूला थोडे वर तेल भरायचे. पहिल्यांदा कोणते उघडाल? मी खालचे उघडले. सगळे तेल घमेल्यात आले, मी खूश. मग वरच्याला पाना लावला, तर ते हलेना. पूर्वी कुणीतरी चुकीच्या मापाचा पाना लावून त्याचे कोपरे गोल करून ठेवलेले. रात्रीचे आठ वाजले. गाडी रिकाम्या पोटाने उभी. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आईला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी जिल्ह्याच्या गावी न्यायचे होते. तारीख दोन महिन्यांनी मिळालेली. तेलावाचून गाडी नेली असती तर वाटेतच गिअरबॉक्सचा चुरा झाला असता. अखेर पहाटे शेजाऱ्यांच्या कांद्याच्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारी आईला बसवून नेले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अरे, पोट रिकामं करायच्या आधी तोंड उघडतंय का ते तरी बघायचं." ऑपरेशन वेळेवर झाले. बूच तिसऱ्या दिवशी एका वेल्डरने त्याच्यावर नट जोडून काढून दिले.

म्हणून वरचे बूच आधी सैल करून पाहा. ते निघाले नाही तर खालच्याला हातही लावू नका. गाडी तशीच चालवत गॅरेजात नेता येते.

आता कामाचा क्रम सोपा आहे. आठ-दहा किलोमीटर गाडी फिरवून आणावी. तेल कोमट झाले की पातळ होते आणि चुरा सोबत घेऊन बाहेर पडते. पण लगेच खाली शिरू नये, सायलेन्सरची नळी तापलेली असते. दहा-पंधरा मिनिटे थांबावे, चहा घ्यावा. मग घमेले खाली ठेवून, वरचे बूच सैल करून खालचे काढावे. जुन्या तेलाला कुजक्या अंड्यासारखा वास येतो. तो गंधकाचा. घाबरू नये.

खालच्या बुचाला पुष्कळदा लोहचुंबक असतो. त्यावर करडा, मऊ, लोण्यासारखा लेप दिसला तर ती वयोमानाची झीज. पुसून टाकावा. पण बोटांना टोचतील असे कण, किंवा दात्याचा तुकडा निघाला, तर नवे तेल घालून भागणार नाही. जाणत्या माणसाला दाखवावे. पिवळसर चमक दिसली तर ती त्या पितळी कडीची समजावी.

आणखी एक गोष्ट पुष्कळजण करत नाहीत, ती करावी. निघालेले तेल मोजावे. माझ्या गाडीतून जेमतेम सव्वा लिटर निघाले. पुस्तिकेत दोन लिटरच्या वर सांगितलेले. म्हणजे उरलेले कुठेतरी गेले होते. सकाळच्या कण्हण्याचे कारण बहुधा तेच.

तेल थेंबथेंब गळेपर्यंत वाट पाहावी. बूच आणि त्याची जागा पुसून, नवे वायसर घालून, आधी बोटांनी फिरवावे आणि मग पान्याने आवळावे. आवळताना पैलवानकी नको. गिअरबॉक्सचे कवच बहुधा अॅल्युमिनियमचे असते, त्यातले आटे सहज मारले जातात आणि मग खर्च फार मोठा. भरताना नळीचे एक टोक वरच्या भोकात घालावे, दुसरे बॉनेटमधून वर घेऊन त्यात नरसाळे लावावे. तेल दाट असते, हळूहळू उतरते. कॅन आधी तासभर उन्हात ठेवला तर त्रास वाचतो. बहुतेक गाड्यांत वरच्या भोकातून तेल बाहेर झिरपू लागले की माप पुरे झाले. काहींत मोजूनच घालावे लागते. पुस्तिका काय म्हणते ते पाहावे. जास्त भरले तर तेल फेसाळते आणि सीलमधून बाहेर पडते. कमी भरले तर काय होते, ते वर सांगितलेच.

राहिले जुने तेल. आमच्या भागात जळके ऑइल वाळवीसाठी खांबाला लावतात, बांधावर ओततात, काहीजण तर जनावराच्या जखमेवरही लावतात. जखमेवर मुळीच लावू नका. आणि जमिनीत ओतलेले तेल नाहीसे होत नाही, ते पावसाबरोबर खाली उतरते, आणि आपल्या विहिरी खालीच आहेत. वापरलेले तेल हा २०१६ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे घातक कचरा ठरतो. त्याचे शुद्धीकरण करणारे नोंदणीकृत कारखाने आहेत, आणि मोठ्या गॅरेजात त्यांच्यासाठी पिंप ठेवलेले असते. रिकाम्या कॅनमध्ये भरून तिथे नेऊन द्यावे. त्यात पाणी किंवा रॉकेल मिसळू नये.

काम झाल्यावर सगळे गिअर टाकून पाहावेत, थोडी गाडी फिरवावी, आणि रात्री गाडीखाली जुने वर्तमानपत्र पसरून ठेवावे. मी ठेवले. सकाळी दुसरा गिअर न कण्हता पडला. पण कागदावर डाव्या चाकाच्या बाजूला दोन ठिपके होते. गिअरबॉक्समधून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचे सील गेलेले. सव्वा लिटरचा हिशेब लागला. ते सील बदलायला मात्र मी गॅरेजातच गेलो.