घरगुती पवनचक्कीसाठी रेझिनची निवड

घरगुती पवनचक्कीच्या जनित्रातील तांब्याच्या गुंडाळ्या व चुंबके जागच्या जागी पक्की बसवण्यासाठी आणि त्यांचे ओलाव्यापासून रक्षण करण्यासाठी रेझिन, म्हणजेच कृत्रिम राळ, वापरतात. पॉलिएस्टर, व्हिनाइल एस्टर आणि इपॉक्सी हे तिचे तीन प्रमुख प्रकार होत. यांपैकी कोणता निवडावा हे मुख्यतः उष्णता आणि पाणी या दोन गोष्टींवर ठरते.

रचना

स्कॉटलंडमधील ह्यू पिगट यांनी प्रसिद्ध केलेला आराखडा जगभर घरगुती बांधणीसाठी वापरला जातो. त्यात चुंबके बसवलेल्या दोन पोलादी तबकड्या फिरतात व त्यांच्यामध्ये रेझिनमध्ये ओतलेला स्टेटर स्थिर असतो. वीजप्रवाह वाढला की गुंडाळ्या तापतात. रेझिन मऊ पडल्यास स्टेटर वाकून चुंबकांना घासतो. निओडिमियम चुंबके ओलाव्याने गंजतात आणि त्यांच्या सामान्य प्रती सुमारे ८० अंश सेल्सियसपर्यंतच टिकतात.

वर्धा जिल्ह्यातील परिस्थिती

वर्धा जिल्ह्यात उन्हाळ्यात तापमान ४५ अंशांपर्यंत जाते. सातारा जिल्ह्यातील वनकुसवडे पठाराच्या तुलनेत येथील वारा मंद असून तो नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या काळात जोर धरतो. त्यामुळे यंत्रावर अधिक भार पडण्याचे दिवस ओलाव्याचेही असतात.

प्रकार

पॉलिएस्टर : स्वस्त व सहज मिळणारे. फायबरच्या वस्तू बनवणारे कारागीर हेच वापरतात. मात्र घट्ट होताना ते सुमारे ५ ते ८ टक्के आकसते व पाण्यापुढे तुलनेने कमी टिकते.

व्हिनाइल एस्टर : पॉलिएस्टरपेक्षा महाग, परंतु उष्णता व पाणी दोन्ही अधिक सोसते. वर्ध्यासारख्या हवामानात स्टेटर आणि चुंबकांच्या तबकड्या या दोन्हींसाठी योग्य.

इपॉक्सी : उत्तम चिकटते व कमी आकसते. तथापि खोलीच्या तापमानाला घट्ट होणाऱ्या अनेक इपॉक्सी ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतात. स्टेटरसाठी उष्णतारोधक प्रत निवडावी व उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे नंतर उष्णता द्यावी. हार्डनरचे प्रमाण तंतोतंत पाळावे लागते; ते वाढवल्याने इपॉक्सी लवकर घट्ट होत नाही, उलट कच्ची राहते.

ओतकाम

पॉलिएस्टर व व्हिनाइल एस्टरमध्ये मिथाइल इथाइल कीटोन पेरॉक्साइड हे द्रव्य साधारणतः वजनाच्या १ ते २ टक्के मिसळतात. उन्हाळ्यात मिश्रण फार लवकर घट्ट होते आणि जाड थर स्वतःच्याच उष्णतेने तडकतो. म्हणून काम पहाटे करावे, मिश्रण थोडे थोडे बनवावे व हे द्रव्य उत्पादकाने दिलेल्या किमान मर्यादेखाली नेऊ नये. शंखजिऱ्याची कोरडी पूड मिसळल्यास ओतकामातील उष्णता कमी होते. साच्याला आधी मेण लावावे आणि स्टेटरच्या दोन्ही बाजूंना काचतंतूंचे कापड घालावे. पावसाळ्यात दमट पूड किंवा ओले कापड वापरल्यास रेझिन नीट घट्ट होत नाही.

सुरक्षितता

पेरॉक्साइडचा थेंब डोळ्यात गेल्यास दृष्टी जाऊ शकते. चष्मा व हातमोजे आवश्यक आहेत. कोबाल्टयुक्त प्रवेगक आणि पेरॉक्साइड एकमेकांत थेट मिसळल्यास स्फोट होऊ शकतो. प्रवेगक आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून नंतरच पेरॉक्साइड घालावे. स्टायरीनची वाफ ज्वलनशील व अपायकारक असल्याने काम मोकळ्या हवेत, चुलीपासून दूर करावे.

हेसुद्धा पहा

पवन ऊर्जा
विद्युत जनित्र
वर्धा जिल्हा