यंत्र नवे, त्वचा आपली

घाटकोपरचा एम. जी. रोड, मुलुंडचा आर. आर. टी. रोड, बोरिवलीचा एस. व्ही. रोड किंवा अंधेरीचा लिंक रोड. कुठेही मान वर करून चालले, की पहिल्या-दुसऱ्या मजल्यावर एखादी तरी पाटी दिसतेच: लेझर, ग्लो, स्किन टाइटनिंग, फॅट फ्रीझिंग. तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होते आणि या पाट्यांखालची वर्दळ वाढते. पूर्वी तिथे फक्त नवरी मुलगी आणि तिच्या मैत्रिणी दिसत. आता नवरदेव येतो, मुलीची आई येते, निवृत्तीला आलेले गृहस्थही येतात. टाके नाहीत, भूल नाही, तासाभरात मोकळे, असे आश्वासन सगळ्यांनाच हवेसे वाटते.

हे आश्वासन पूर्णपणे खोटे नाही. गेल्या चाळीस वर्षांत या क्षेत्रातली यंत्रे खरोखरच सुधारली आहेत आणि आपल्यासारख्या सावळ्या त्वचेच्या माणसांना त्याचा मोठा लाभ झाला आहे. मात्र यंत्र चालवणे जसजसे सोपे दिसू लागले, तसतसा एक जुना प्रश्न मागे पडत गेला. समोर बसलेल्या माणसाला नेमके झाले आहे काय?

बारामतीचा धागा

मुरुमांच्या खड्ड्यांवर आणि जुन्या व्रणांवर आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइड लेझरचा महाराष्ट्राशी जवळचा संबंध आहे. त्याचे जनक डॉ. सी. कुमार एन. पटेल यांचा जन्म १९३८ साली बारामतीत झाला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन ते अमेरिकेत गेले आणि १९६४ साली बेल प्रयोगशाळेत त्यांनी हा लेझर तयार केला. त्याच्या किरणांची तरंगलांबी १०,६०० नॅनोमीटर असते आणि पाणी हे किरण चटकन शोषून घेते. त्वचेच्या पेशींत पाणी भरपूर असल्याने किरण पडताच त्या पेशींची वाफ होते.

ही ताकद सुरुवातीला अडचणीचीही ठरली. १९९०च्या दशकात या लेझरने चेहऱ्याचा वरचा थर सलग काढून टाकत. गोऱ्या त्वचेवर सुरकुत्या कमी होत, पण जखम भरायला बराच वेळ लागे. सावळ्या त्वचेवर तर जखम भरल्यानंतर काळे किंवा पांढरे डाग मागे राहण्याची भीती मोठी होती.

२००४ साली हार्वर्डमधील संशोधकांनी यावर एक साधी युक्ती मांडली. सगळी त्वचा भाजण्याऐवजी चाळणीसारखे अतिसूक्ष्म छेद पाडायचे आणि दोन छेदांमधली त्वचा शाबूत ठेवायची. ही शाबूत त्वचाच शेजारची जखम भरून काढते. यालाच फ्रॅक्शनल लेझर म्हणतात. बरे होण्याचा काळ कमी झाला, डागांची भीतीही घटली. स्टोव्हच्या भडक्यात भाजलेल्या हातावरचा आखडलेला व्रण मऊ करण्यासाठीही आज हेच तंत्र वापरले जाते. ज्याला आपण सौंदर्योपचार म्हणतो, तो एखाद्यासाठी बोट पुन्हा सरळ होण्याचा उपाय असतो.

प्रकाशाला काय दिसते?

नको असलेले केस काढण्यामागचे तत्त्व वेगळे आहे. १९८३ साली रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या दोन अमेरिकी डॉक्टरांनी ते मांडले. योग्य तरंगलांबीचा प्रकाश योग्य तेवढाच वेळ दिला, तर आजूबाजूच्या भागाला धक्का न लावता एकच लक्ष्य तापवता येते. केसांच्या बाबतीत हे लक्ष्य म्हणजे मेलॅनिन हे काळे रंगद्रव्य. ते प्रकाश शोषून घेते, तापते आणि ती उष्णता केसाच्या मुळाला निकामी करते. पांढऱ्या केसावर लेझर का चालत नाही, याचे उत्तरही इथेच आहे: त्यात तापण्यासारखे काही उरलेलेच नसते.

अडचण अशी, की मेलॅनिन आपल्या त्वचेतही असते. प्रकाशाला केसातले आणि कातडीतले मेलॅनिन वेगळे ओळखता येत नाही. गोऱ्या त्वचेवर काळा केस असेल, तर काम सोपे. सावळ्या त्वचेवर तोच मारा केला तर केसाआधी कातडी भाजते. सुरुवातीच्या ६९४ नॅनोमीटरच्या रुबी लेझरचा हाच दोष होता. नंतर ८१० नॅनोमीटरचा डायोड आणि १,०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर आला. तरंगलांबी जास्त असली, की प्रकाश अधिक खोल जातो आणि वरच्या थरातले मेलॅनिन त्यातला कमी भाग शोषते. त्यात यंत्राचे टोक थंड ठेवण्याची सोय झाली, प्रकाशाचा झोत किंचित लांबवता येऊ लागला. त्यामुळे आपल्याकडच्या बहुतेकांना हा उपचार पुष्कळ सुरक्षित झाला.

तरीही ऊर्जा किती द्यायची, हे बटण दाबणाऱ्याला ठरवावे लागते. त्वचेचे सहा प्रकार सांगणारी फिट्झपॅट्रिक मोजपट्टी जगभर वापरली जाते. १९७५ साली ती तयार झाली तेव्हा तिच्यात गोऱ्या त्वचेचेच चार प्रकार होते. सावळ्या आणि काळ्या त्वचेचे पाचवा व सहावा हे प्रकार नंतर जोडले गेले. भारतीयांची त्वचा बहुधा चौथ्या-पाचव्या प्रकारात मोडते. शिवाय एकाच माणसाचा रंगही वर्षभर सारखा राहत नाही. गोव्याला चार दिवस समुद्रावर काढून आलेल्या माणसाला मागच्या महिन्याचीच ऊर्जा दिली, तर फोड येऊ शकतात.

आइसकांडी, सुई आणि फिलर

चरबी गोठवण्याच्या उपचाराची कथा रंजक आहे. बर्फाची कांडी सतत गालात धरणाऱ्या लहान मुलांच्या गालावर लालसर गाठ येते आणि तिथली चरबी तात्पुरती कमी होते, असे निरीक्षण १९७० साली वैद्यकीय नियतकालिकात नोंदले गेले. थंडीने त्वचेआधी चरबीच्या पेशी मरतात, हा त्यातला धडा. त्यावरून यंत्र बनले आणि २०१० साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ते कमरेच्या बाजूंसाठी मंजूर केले. ते वजन कमी करत नाही, एखाद्या जागेचा उंचवटा थोडा बसवते. क्वचित उलटेही घडते आणि त्याच जागी चरबी वाढून कडक होते. प्रसिद्ध मॉडेल लिंडा इव्हँजेलिस्टा यांनी २०२१ साली आपल्या बाबतीत असे झाल्याचे जाहीरपणे सांगितले, तेव्हा जगाला हा दुष्परिणाम कळला.

बोटुलिनम टॉक्सिन, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेले बोटॉक्स, अमेरिकेत १९८९ साली तिरळेपणा आणि पापण्यांच्या आकडीसाठी मंजूर झाले. भुवयांमधल्या आठ्यांसाठी मंजुरी मिळाली ती २००२ मध्ये. त्याचा परिणाम साधारण तीन-चार महिने टिकतो. माल अस्सल आणि हात तयारीचा असेल तर ते बरेच सुरक्षित आहे. नकली माल असेल तर काय होते, हे २०२४ साली अमेरिकेत दिसले. अनेक राज्यांत बनावट किंवा अप्रशिक्षित हातांनी दिलेल्या इंजेक्शनांनंतर लोकांना दृष्टी धूसर होणे, गिळताना त्रास होणे अशी लक्षणे झाली आणि काहींना रुग्णालयात दाखल करावे लागले.

ओठ आणि गाल भरण्यासाठी वापरले जाणारे हायल्युरॉनिक आम्लाचे फिलर शरीरात विरघळवता येते, ही त्याची जमेची बाजू. पण ते चुकून रक्तवाहिनीत गेले तर तिथली त्वचा मरू शकते आणि क्वचित प्रसंगी डोळा कायमचा जाऊ शकतो. आता काही डॉक्टर सोनोग्राफीने आधी रक्तवाहिन्या पाहून मग सुई घालतात. हा नव्या तंत्रज्ञानाचा उत्तम उपयोग. फिलरनंतर असह्य वेदना, पांढरीफटक किंवा जाळीदार निळसर त्वचा, दृष्टीत बदल यांपैकी काहीही झाले, तर सकाळची वाट न पाहता लगेच डॉक्टर गाठावा. अशा वेळी मिनिटे मोजायची असतात.

त्वचा घट्ट करण्यासाठी सूक्ष्म सुयांमधून रेडिओलहरी देणारी यंत्रे सध्या लोकप्रिय आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या यंत्रांच्या काही वापरांमुळे भाजणे, व्रण पडणे, चरबी झडणे आणि मज्जातंतूंना इजा होणे यांबाबत इशारा दिला. हा वैद्यकीय उपचार आहे, सौंदर्यप्रसाधन नव्हे, हेही त्यात बजावले.

यंत्राला न दिसणारा आजार

भाजण्याचा धोका निदान दिसतो तरी. त्याहून मोठा धोका डोळ्यांआड राहतो.

मानेवर आणि काखेत मखमलीसारखा जाडसर काळेपणा आलेला एखादा तरुण रंग उजळण्यासाठी लेझर मागतो. त्याला अकॅन्थोसिस नायग्रिकन्स झालेले असते. बहुतेकदा हे शरीर इन्सुलिनला दाद देत नसल्याचे लक्षण असते, मधुमेहाची आगाऊ सूचनाच. दिवसभर खुर्चीत काम, जाता-येता लोकल, रात्री उशिरा जेवण, वाढलेले पोट. त्याला आधी गरज असते ती रक्तातली साखर तपासण्याची आणि वजन उतरवण्याची. काळेपणा लेझरने थोडा फिका केला, तर शरीराने वाजवलेली घंटा आपण बंद केली असे होते.

हनुवटीवर राठ केस येणाऱ्या मुलीचे असेच. तिची पाळी अनियमित आहे का, वजन वाढते आहे का, मुरुम येत राहतात का, हे विचारलेच पाहिजे. पीसीओएस असेल तर एकीकडे केस काढत राहायचे आणि दुसरीकडे हार्मोन नवे केस उगवत राहणार. काही मुलींमध्ये लेझरने चेहऱ्यावर उलट अधिक केस येतात आणि हार्मोनचा बिघाड असलेल्यांत ही शक्यता जास्त असते. सहा-आठ बैठकांचे पैसे भरून झाल्यावर हे कळले, तर त्या घराला ते परवडत नाही आणि मुलीचा धीरही खचतो.

गालावरच्या वांगावर जोरदार लेझर मारला तर तो अधिक गडद होऊन परततो. वाढणारा, रंग बदलणारा किंवा रक्त येणारा तीळ तपासणीला न पाठवता जाळून टाकला, तर त्यात कर्करोग होता की नाही हे सांगणारा पुरावाच नाहीसा होतो. औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेले स्टेरॉइड मलम महिनोन्महिने लावून पातळ झालेली त्वचा तर साधा उपचारही सोसत नाही. २०१८ साली केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली, पण अजूनही ती गोरेपणाचे क्रीम म्हणून हातोहात फिरतात.

आता चेहऱ्याचा फोटो काढून दोष सांगणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्रही आले आहे. ते सुरकुत्या मोजते, डाग मोजते. पण ते कोणत्या चेहऱ्यांवर शिकले? ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२१ साली त्वचेच्या कर्करोगाच्या खुल्या छायाचित्रसंग्रहांचा आढावा घेतला. १,०६,९५० छायाचित्रांपैकी त्वचेचा प्रकार नोंदलेली केवळ २,४३६ होती. त्यांतली तपकिरी त्वचेची १० आणि गडद त्वचेचे अवघे एक. यंत्राला आपला चेहरा अजून नीट ओळखीचा झालेला नाही, असाच याचा अर्थ.

पैसे भरण्यापूर्वी

राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या मंडळाने सप्टेंबर २०२२ मध्ये सौंदर्योपचार आणि केशरोपणाबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. कार्यशाळेत बसून किंवा यूट्यूबवर पाहून हे उपचार करण्याचे प्रशिक्षण मिळत नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर पाहता येतो. पाटीवरच्या नावामागे कोणती पदवी आहे, हे विचारण्यात संकोच नको.

आणखी काही गोष्टी विचाराव्यात. उपचार स्वतः डॉक्टर करणार की दुसरे कोणी? माझे निदान काय? हे यंत्र कोणते आणि माझ्या त्वचेला ते का योग्य? आधी कानामागे किंवा जबड्याखाली छोटी चाचणी करणार का? काही बिघडले तर रात्री कोणाला फोन करायचा? इंजेक्शन असेल, तर बाटली आपल्यासमोर उघडावी आणि तिचा बॅच क्रमांक कागदावर नोंदवून घ्यावा. घेत असलेली औषधे, विशेषतः मुरुमांच्या गोळ्या, गर्भारपण, ओठावर वारंवार येणारी नागीण, जखमेवर जाड व्रण चढण्याची सवय, हे सगळे आपणहून सांगावे.

लग्नासाठी उपचार हवा असेल, तर तो काही महिने आधी सुरू करावा. केसांच्या लेझरच्या दोन बैठकांत चार ते सहा आठवडे जावे लागतात, कारण वाढीच्या अवस्थेतल्या केसांवरच तो काम करतो. त्याने केस कायमचे कमी होतात, पण एकही केस पुन्हा येणार नाही अशी हमी कोणी देऊ नये. हळदीच्या आठवड्यात नवा प्रयोग नकोच. उपचारानंतर काही आठवडे ऊन टाळावे. स्कूटरवर, प्लॅटफॉर्मवर आणि पावसाळी ढगाळ दिवशीही सनस्क्रीन लावावे, कारण अतिनील किरण ढगांतूनही येतात.

बसल्याबरोबर पॅकेजचा भाव सांगितला जातो, की आधी मान, हात, पाळी, साखर, जुनी मलमे यांची चौकशी होते? एवढ्या एका गोष्टीवरून बरेच कळते. चौकशी न करता थेट यंत्राकडे नेले, तर पैसे न भरता उठून यावे. सवलत उद्याही मिळेल, भाजलेला गाल मात्र लग्नाच्या फोटोत कायमचा राहतो.