पद्मिनी अडखळतेय? लक्षणं ओळखा

१०८९ सीसीच्या प्रीमियर पद्मिनीत मेकॅनिकल पंप कार्ब्युरेटरला पेट्रोल पुरवतो. प्लगला ठिणगी नीट येत असेल, तर पुढची लक्षणं पाहा.

● सकाळी लवकर सुरू होत नाही : चोकची केबल ओढल्यावर झडप पूर्ण मिटते का, ते बघा.

● आयडलिंगला बंद पडते, वेगात ठीक : स्लो जेटमध्ये कचरा. हवेच्या झोताने साफ करा. तार घातल्यास भोक मोठं होतं.

● एक्सिलरेटर दाबताच गचके : इंजिन बंद ठेवून थ्रॉटल हलवा. पेट्रोलची बारीक धार दिसली नाही, तर एक्सिलरेटर पंपाचा डायफ्रॅम तपासा.

● काळा धूर, पेट्रोलचा वास : नीडल व्हॉल्व्ह गळतोय किंवा फ्लोटला भोक पडलंय.

● उन्हात घाट चढताना बंद : बहुधा व्हेपर लॉक. मेकॅनिकल पंपावर ओलं फडकं टाकून थांबा.