विजेवर गार, गॅसवर गरम

मागच्या भागानंतर देवळाली कॅम्पमधून एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. लॅम रोडजवळच्या जुन्या बंगल्यात त्याच्या आजोबांचा फ्रिज पडून आहे, गॅसवरही चालणारा आणि विजेवरही. "दादा, चालू केला, पण आवाजच नाही. मेला का?"

नाही रे, तो आवाज करतच नाही! त्याला कॉम्प्रेसरच नसतो. 1922 साली स्वीडनच्या बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी ही युक्ती शोधली. सीलबंद नळ्यांत अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन. खालून उष्णता दिली की पाण्यातून अमोनिया सुटतो, वर जाऊन द्रव होतो, मग हायड्रोजनच्या संगतीत त्याची वाफ होते आणि ती होताना आतली उष्णता ओढून घेते. पुन्हा पाण्यात विरघळतो. पंप नाही, सगळं उताराने वाहतं.

म्हणून आधी मोबाइलमधलं लेव्हल ॲप काढ आणि फ्रिज सपाट उभा आहे का बघ. जुन्या फरशीवर तो हमखास कललेला असतो. मागे हवा खेळायला जागा ठेव. आणि घाई नको, रात्रभर चालू दे. तासाभरात गार होणारं हे यंत्र नव्हे.

आता खरी गंमत. उष्णता देणाऱ्या वाटा दोन, पण गारवा करणाऱ्या नळ्या त्याच. म्हणजे विजेवर गार होतो आणि गॅसवर नाही, तर नळ्या ठणठणीत आहेत. दोष जेट, बर्नर किंवा धुराड्यातल्या काजळीत. बटण सोडताच ज्योत विझते? थर्मोकपल बघायला सांग. उलट गॅसवर चालतो, विजेवर नाही, तर प्लग काढून हीटर मीटरने तपासायचा. 230 व्होल्टवरचा 125 वॅटचा हीटर साधारण 420 ओहम दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर जळलाय. दोन्हीकडे खालचा भाग तापतोय, तरी आत गारवा नाही? मग नळ्यांतच अडथळा. जुने मेकॅनिक असा फ्रिज काही तास उलटा ठेवतात. कधी कधी चालतं, कधी नाही.

आता थट्टा बाजूला. ज्योत निळी हवी. पिवळी असेल तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतोय, आणि त्याला वास नसतो. अमेरिकेत जुन्या सर्वेल गॅस फ्रिजमुळे माणसं मेली आहेत. नाशिकच्या थंडीत खिडक्या लावून झोपतो ना आपण? त्या खोलीत हा गॅसवर अजिबात नको. आणि नाकाला झोंबणारा वास आला, किंवा मागच्या नळीवर पिवळा थर दिसला, तर अमोनिया गळतोय. तो थर विषारी क्रोमेटचा, हात लावू नको. गॅस बंद, खिडक्या उघड्या, आपण बाहेर. वेल्डिंग तर कुणालाच करू देऊ नको, आत दाबाखाली हायड्रोजन आहे.

परवा त्याचा पुन्हा मेसेज आला: सपाट केला, विजेवर सकाळपर्यंत बर्फ! गॅसवर मात्र ज्योत पिवळी. बर्नर साफ होऊन ज्योत निळी दिसेपर्यंत विजेवरच चालव, मित्रा.